कॅल्शियममुळे हृदयाच्या स्नायूंना ऊर्जा मिळते का? मग गोळ्या घेतल्याने हृदय बळकट होईल का?

नाही. कॅल्शियम ऊर्जा खर्च करायला लावतं. आमच्या साडूभाऊंना हे सांगून माझा घसा बसलाय, म्हणून इथे जरा सविस्तर.

बी.एस्सी.ला प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला बेडकाचं हृदय असायचं. काजळी धरलेला कागद ड्रमवर गुंडाळलेला, हृदयाला आकडा, आकड्याला दोरा, दोऱ्याला तरफ. ठोक्यागणिक काजळीवर पांढरी रेघ वरखाली. सरांनी मुद्दाम कॅल्शियम न घातलेलं द्रावण सोडलं. रेघ बुटकी होत होत आडवी झाली. मग कॅल्शियम क्लोराइडचे थेंब पडले, रेघ पुन्हा उंच! सरांनी थेंब वाढवत नेले, तर हृदय आकसून बसलं ते सैलच होईना. लंडनच्या डॉ. सिडनी रिंगरला 1883 मध्ये हेच उमगलं, तेही आधीचं द्रावण डिस्टिल्ड वॉटरऐवजी नळाच्या, म्हणजे कॅल्शियम असलेल्या पाण्यात केलेलं निघालं म्हणून.

ठोक्याला थोडं कॅल्शियम पेशीत शिरतं, आतल्या साठ्यातलं बरंच मोकळं करतं. ते ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटलं की ॲक्टिन-मायोसिन या स्नायूतल्या तंतूंची ओढाताण सुरू, एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्च. पुढच्या ठोक्याआधी बहुतेक कॅल्शियम परत साठ्यात भरायचं, त्यालाही एटीपी: दोन आयनांमागे एक रेणू. म्हणजे सैल पडणंही फुकट नाही. थोडं कॅल्शियम मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, जाऊन एटीपी बनवण्याचा वेग वाढवतं, हे खरं. साडूभाऊ तेवढंच धरून बसलेत. पण त्यासाठी इंधन म्हणून जळतात ती मुख्यतः फॅटी ॲसिडं, कॅल्शियम नव्हे.

सासूबाईंचं पंपिंग कमी झालं, तेव्हा हे गृहस्थ 'पंपाला ताकद' म्हणून गोळ्यांचा डबा घेऊन हजर. रक्ताच्या रिपोर्टमध्ये कॅल्शियम 9.4 mg/dL. साधारण 8.5 ते 10.5 मध्ये शरीर ते स्वतःच राखतं. वरून गोळ्या गिळल्याने ठोका जोरकस होत नाही. अशा हृदयात बहुधा कॅल्शियम वेळेवर साठ्यात परत जात नाही, हे दुखणं असतं. त्यावर गोळी काय करणार? पण जावई थोरले, त्यांना कोण बोलणार!

आता, हाडांसाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या माझं वाचून बंद करू नका. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर कॅल्शियम खरोखर घसरू शकतं, ईसीजीतही फरक दिसतो. तिथे ते द्यावंच लागतं.

साडूभाऊंचा शेवटचा प्रश्न होता, "मग आईंना दूध कशाला देता?" चहात घालायला.