यादीत आधी घरच्यांची नावं लिही

चि. ताई,

अनेक आशीर्वाद. सहकुटुंब सहलीचा तुझा आराखडा वाचला. जळगावहून नाशिकपलीकडचं गोल्फ रिसॉर्ट, दोन रात्री, कंपनीची ३४ माणसं, घरची ३० आणि मुलं ११. मीटिंग कुठल्या हॉलमध्ये, स्क्रीन केवढा, इथपर्यंत सगळं नीट लिहिलं आहेस. घरच्यांसाठी मात्र शेवटी एकच ओळ आहे, 'शॉपिंग / स्पा'. तिथूनच सुरुवात कर. ऑफिसची माणसं रोज भेटतात, त्यांना कुठंही नेलं तरी ती गप्पांत रमतील. उरलेली ३० माणसं तिथं कुणालाच ओळखत नाहीत. त्यांचे दोन दिवस कसे गेले, तशी सहल झाली असं समज.

आमंत्रणात 'पती/पत्नीसह' असं लिहू नकोस, 'घरचं एक माणूस' असं लिही. कुणाचं लग्न झालेलं नसतं, कुणाचा जोडीदार राहिलेला नसतो, कुणाचा परगावी नोकरीला असतो. त्यांनी आई, बहीण, भाऊ आणला तर हॉटेलच्या खोलीला काय फरक पडतो? फक्त डबल बेड की दोन वेगळे पलंग, हे आधी विचारावं लागतं. तेवढा एक रकाना विसरला, की रात्री रिसेप्शनसमोर सासू-सुना उभ्या राहतात.

फॉर्म घरच्या माणसाकडूनच भरून घे, कर्मचाऱ्याकडून नको. नवऱ्याला बायकोच्या चपलेचं माप माहीत नसतं आणि गुडघेदुखी तर तो लिहीतच नाही. नाव बॅजवर कसं हवं, जैन जेवण, कांदा-लसूण, त्या दिवसांतला उपवास, मधुमेह, गरोदरपण, जिना चढता येतो का, मुलांची वयं, आणि डावखुरे आहात का, एवढं विचार. शेवटचा प्रश्न गोल्फसाठी आहे. भाड्याच्या काठ्यांमध्ये डावखुऱ्यांचे सेट फार कमी असतात. बायकांचे हलके, आखूड सेटही मोजकेच असतात. दोन्हींचा आकडा रिसॉर्टला दहा दिवस आधी कळव. बॅजवर नाव मोठं असू दे. 'मिसेस अमुक' असं एकही कार्ड छापू नकोस. तुमच्याकडच्या दोन इंजिनियर मुलींचे नवरेही येणार आहेत, त्यांचाही विचार त्या 'शॉपिंग / स्पा'त झालेला नाही.

तारखेचं थोडक्यात सांगतो. मे महिन्यात नाव काढू नकोस, आपल्याकडून ४४-४५ अंशांतून निघालेली माणसं उघड्या मैदानावर उभी करायची नाहीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात, श्रावणात कानबाईच्या सणाच्या रविवारी कुणी घर सोडत नाही. जानेवारीनंतर दहावी-बारावीवाली घरं अडकतात. उरतो दिवाळीनंतरचा महिना-दीड महिना, आणि त्यात तुळशीच्या लग्नानंतर लग्नतिथी सुरू. पंचांग समोर ठेवूनच शनिवार निवड.

दर लेखी घेताना 'गोल्फसह पॅकेज' या शब्दांवर सही करू नकोस. ग्रीन फी, म्हणजे मैदानावर खेळण्याचे पैसे, वेगळे. काठ्यांचं भाडं वेगळं, मैदानावर फिरायची बग्गी वेगळी, काठ्या उचलणारा कॅडी वेगळा, सरावाच्या रेंजवरच्या चेंडूंची बादली वेगळी, प्रशिक्षकाचा तास वेगळा. शनिवार-रविवारचा दर बहुतेक ठिकाणी जास्त असतो. यातलं काय धरलं आहे, काय नाही, जीएसटी आत की बाहेर, हरवलेल्या चेंडूचे पैसे कोण देणार, हे एकेका ओळीत मागून घे. खोल्यांची हमी किती आणि आकडा शेवटचा कधी बदलता येतो, हेही लिहून घे. माणसं आयत्या वेळी गळतात, पैसे हमीच्या आकड्याचेच जातात. आणि घरच्यांचा खर्च पूर्ण कंपनीचा आहे, हे आमंत्रणातच स्पष्ट लिही. पगारातून काही कापतील की काय या शंकेनं माणूस गप्प बसतो आणि एकटाच येतो.

प्रवास सुमारे २५० किलोमीटर आहे, एरंडोल, पारोळा, धुळे, मालेगाव, चांदवड करत नाशिक. सकाळी ६ ला बस हलली तर ८ च्या सुमारास धुळ्यात नाश्ता. चांदवडला रेणुकामातेचं मंदिर महामार्गालगतच आहे. दर्शनाचा आग्रह होणारच, म्हणून अर्धा तास आधीच धरून ठेव, नाहीतर एक बस थांबते, दुसरी पुढं जाते आणि दुपारचं जेवण दोनदा लावावं लागतं. खोल्या बहुधा दुपारी २ ला मिळतात, तेव्हा एक-दीडला पोचून आधी जेवण. ड्रायव्हरला रिसॉर्टचं लोकेशन स्वतः पाठव. 'नाशिक गोल्फ क्लब' एवढंच सांगितलंस तर तो शहरातल्या अनंत कान्हेरे मैदानावर नेऊन उभा करील. त्याला नाशिककर गोल्फ क्लब मैदान म्हणतात आणि तिथं क्रिकेट चालतं.

आता गोल्फ. आराखड्यात 'शनिवारी सर्वांसाठी १८ होल', म्हणजे मैदानाची पूर्ण फेरी, लिहिलं आहेस, ते खोड. चार-चारांचे गट सोडतात, ६४ माणसांचे १६ गट झाले. दोन गटांत दहा मिनिटांचं अंतर धरलं तर पहिला गट साडेसहाला आणि शेवटचा नऊला सुटेल. चौघांना १८ होल खेळायला सव्वाचार-साडेचार तास लागतात, तेही खेळता येत असेल तर. पहिल्यांदा काठी धरणारा माणूस चेंडूच्या वरून हवेत फिरवतो, पाच-सहा वेळा. मागचे खोळंबतात, पुढचा ओशाळतो. ज्यांना खरंच खेळता येतं, अशा तिघाचौघांना रविवारी पहाटेची वेळ काढून दे आणि मैदानाचा विषय तिथं संपव.

बाकी सगळ्यांसाठी दोन जागा पुरेत, लांब फटक्यांच्या सरावाची ड्रायव्हिंग रेंज आणि चेंडू हळूच भोकात ढकलण्याच्या सरावाचं पटिंग ग्रीन. शनिवारी सकाळी कंपनीची अडीच तासांची मीटिंग आहे. त्याच वेळी घरच्यांना रेंजवर ने. दहा-दहांच्या तीन तुकड्या, प्रत्येकी ४५ मिनिटं, प्रशिक्षक दोन. एका माणसामागे दहापेक्षा जास्त शिकणारे आले तर कुणाच्याच हातातली पकड सुधारत नाही. सुरुवात ७ नंबरच्या आयर्न काठीने करायला सांग. ड्रायव्हर नावाची काठी लांब असते, नवख्याचा चेंडू तिनं वाकडाच जातो. एका माणसाला ४० ते ५० चेंडू पुष्कळ झाले. त्यापुढं तळहाताला फोड येतात, म्हणून उजव्या हाताने खेळणाऱ्याला डाव्या हातात मोजा हवा. रेंजवर नसलेल्या दोन तुकड्यांतली एक पटिंग ग्रीनवर, दुसरी बग्गीतून मैदान बघायला.

संध्याकाळी ४ ला मीटिंगवाले पटिंग ग्रीनवर येतील, तेव्हा त्यांना काहीच येत नसेल आणि घरच्यांना येत असेल. मला तुझ्याकडून हेच करून हवं आहे. सासूबाई जावयाच्या साहेबांना पटर, म्हणजे पटिंगची काठी, कसा धरायचा ते दाखवतील, मग ओळख करून द्यायला सूत्रसंचालक लागत नाही.

स्पर्धा अशी लाव. सहा भोकं, अंतर तीन ते सहा मीटर. चौघांचा संघ: दोन कंपनीचे, दोन घरचे (फक्त दोन संघांत तीन कंपनीचे, एक घरचं), पण एका घरातले दोघं एका संघात नकोत. पद्धत स्क्रॅम्बल. चौघंही चेंडू मारतात, सर्वांत चांगला पडलेला निवडायचा आणि पुढचा फटका चौघांनी तिथूनच. यात कच्चा खेळाडू संघाला खाली ओढत नाही, त्याचा एखादा नशिबाचा चेंडूही सगळ्यांच्या कामी येतो. एका भोकाला चार मिनिटं धरली तर सहा संघ एकदम खेळून अर्ध्या तासात मोकळे. १६ संघांना दीड तास. अंधार लवकर पडतो, त्याआधी बक्षिसं.

धोका खेळातला नाही, बघ्यांतला आहे. काठी फिरवणाऱ्यापासून चार-पाच पावलं लांब आणि कधीही त्याच्या पुढं उभं राहायचं नाही. मुलं रेंजच्या दोरीच्या आत नकोत, त्यांच्यासाठी वेगळा माणूस ठेव. 'फोर' (चेंडू अंगावर येतोय) अशी आरोळी ऐकू आली तर वर बघायचं नाही, डोकं हातांनी झाकून खाली वाकायचं. बग्गी मुलांच्या हाती द्यायची नाही, उतरताना ब्रेक लावायचा, ग्रीनवर न्यायची नाही. वीज कडाडली की सगळे आत.

कपड्यांचं पंधरा दिवस आधी कळव. खेळणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी कॉलरचा टी-शर्ट लागतो, जीन्स आणि गोल गळा चालत नाही. ग्रीनवर टाचांच्या चपला नकोत, गवतात खड्डे पडतात. सपाट तळाचे बूट सगळ्यांना सांग. साडी किंवा पंजाबी ड्रेसवर पटिंग चालेल का, हे रिसॉर्टकडून लेखी घे आणि 'चालेल' हे आमंत्रणात छाप. नाहीतर निम्म्या बायका कडेला खुर्च्यांवर बसून राहतील आणि कुणी कारण विचारणारही नाही.

जेवणात एक रात्र आपली ठेव. रिसॉर्टची भाजी गोडसर असते, दुसऱ्या दिवशी माणसं लोणचं शोधतात. हिवाळा आहे, म्हणजे भरिताचा हंगाम. माणशी २०० ग्रॅम धरून १३-१४ किलो हिरवी भरिताची वांगी बसच्या डिकीत टाक. बाहेरचा कच्चा माल स्वयंपाकघरात घेतील का, याची परवानगी मात्र आधी. कपाशीच्या काड्या तिथं मिळायच्या नाहीत, तंदूरच्या निखाऱ्यावर भाजू देत. वांग्याला तेल लावून दोन-तीन टोचे मारायला सांग, नाहीतर फुटतं. मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे नंतर. घोटायला आपली लाकडी बडगी घरून ने, मिक्सर लागला की लगदा होतो. कळण्याच्या भाकरीचं पीठही इथूनच, ज्वारीत उडीद किती ते तिथल्या आचाऱ्याला कळायचं नाही. मुलांसाठी साधं वरण-भात वेगळं, आणि मुलांचं व मधुमेहवाल्यांचं जेवण साडेसातलाच.

त्या रात्रीच्या कार्यक्रमाबद्दल माझं मत पक्कं आहे. उखाण्याची सक्ती नको. 'घरात कुणाचं चालतं' असले जोडप्यांचे खेळ नकोत, ते खोलीत गेल्यावर भांडणं लावतात. दारू ठेवायची असेल तर कुपनं मोजून, काउंटर ११ ला बंद, ड्रायव्हरांची राहण्या-जेवणाची सोय वेगळी. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कामानिमित्त गेलेल्या जागेला आणि कंपनीने दिलेल्या वाहनालाही लागू होतो. बस आणि रिसॉर्ट दोन्ही त्यात आले. अशा तक्रारी ऐकणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत समितीतल्या एका बाईंचा फोन नंबर कार्यक्रमपत्रिकेवर छाप आणि त्या सहलीला येणार आहेत याची खात्री कर. फोटो ग्रुपवर टाकण्याआधी घरच्यांना विचार, ते तुमचे कर्मचारी नाहीत.

रविवारी खोल्या ११ ला सोडाव्या लागतील. नाश्त्याआधीच सामान खाली आणायला सांग, दुपारचं जेवण १२ ला आणि निघणं १ ला. म्हणजे जळगावात संध्याकाळी ६-७. सोमवारी सकाळची मीटिंग लावली आहेस, ती मंगळवारी ढकल. ज्या घरात दोघंही नोकरी करतात, तिथं धुणं त्या सकाळीच पडतं.

फॉर्मचा कच्चा मसुदा गुरुवारपर्यंत पाठव. आधी घरच्यांचे रकाने बघेन, मग बाकीचं.

कळावे. आशीर्वाद.