प्रभागातील पक्षपद : वाचकांचे प्रश्न

राजकीय पक्षाचा वस्तीतील प्रतिनिधी हा या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय आहे. कुठे त्याला शाखाप्रमुख म्हणतात, कुठे बूथप्रमुख, तर कुठे ब्लॉक अध्यक्ष. पक्ष कोणताही असला तरी अडचणी सारख्याच असल्याने पक्षांची नावे वगळून चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी नाशिकच्या पाथर्डी फाटा परिसरात राहतो आणि अंबडच्या एका कारखान्यात नोकरी करतो. आमच्या भागातील पक्षाचे प्रमुखपद मला देऊ करण्यात आले आहे. वडिलांचा विरोध आहे. मित्र म्हणतात, यातूनच पुढे नगरसेवकपदाची उमेदवारी मिळते. होकार देण्यापूर्वी मी काय समजून घ्यावे?

उत्तर : सर्वप्रथम हे समजून घ्यावे की या पदाला कायद्याने कोणताही अधिकार दिलेला नाही. पक्षाच्या घटनेत त्याला जे स्थान असेल तेवढेच. महापालिकेच्या किंवा पोलीस ठाण्याच्या दारात आपण इतर नागरिकांसारखेच नागरिक असता. याला एक अपवाद आहे. मान्यताप्राप्त पक्षाने आपली मतदान केंद्रस्तरीय प्रतिनिधी, म्हणजे ज्याला सगळे बीएलए म्हणतात त्या कामासाठी, लेखी नेमणूक केली, तर मतदार यादीच्या कामात आपल्याला निवडणूक यंत्रणेची मान्यता मिळते. त्यासाठी आपले नाव साधारणपणे यादीच्या त्याच भागात असावे लागते; तेथे कोणी उपलब्ध नसेल तर त्याच विधानसभा मतदारसंघातील मतदारही चालतो. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा की केवळ पक्षाचे पद दिले जात आहे की यादीचे कामही सोपवले जात आहे. माझ्या मते दुसरे काम नसेल तर पहिल्याला फारसा अर्थ उरत नाही, कारण हजार-बाराशे मतदारांची यादी घरोघरी पडताळून पाहिल्याशिवाय वस्तीची खरी ओळख होत नाही.

उमेदवारीविषयी आपले मित्र सांगतात ते अर्धेच खरे आहे. नाशिक महापालिकेत २०१७ साली ३१ प्रभागांतून १२२ नगरसेवक निवडून गेले. बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे होते. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात, अनुसूचित जाती, जमाती आणि मागास प्रवर्गाच्या जागा वेगळ्या, आणि कोणत्या प्रभागात कोणती जागा कोणासाठी हे आरक्षणाच्या सोडतीने ठरते. पाच वर्षे राबलेल्या माणसाच्या वाट्याची जागा सोडतीत निघून जाते, किंवा ऐन वेळी दुसऱ्या पक्षातून आलेल्या व्यक्तीला ती दिली जाते, हे आपल्या शहराने पुष्कळदा पाहिले आहे. उमेदवारीच्या आशेवर हे पद घेणारा त्या दिवशी मोडून पडतो आणि त्याच्याबरोबर त्याने जोडलेली माणसेही विखुरतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. याउलट मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यानंतर निवडणूक लांबत गेली आणि महापालिकेचा कारभार प्रशासकांकडे राहिला. त्या वर्षांत घंटागाडी आली नाही किंवा चेंबर तुंबले म्हणून लोक ज्यांच्याकडे गेले, त्यांत पक्षांचे हे स्थानिक प्रतिनिधीही होते. नगरसेवक नसतानाही हे काम राहते, आणि तेवढ्यासाठीच ते करण्याची तयारी असेल तर होकार द्यावा.

वडिलांशी पैशाविषयी स्पष्ट बोलावे, कारण घरच्यांचा विरोध बहुधा तेथूनच सुरू होतो. सभेला माणसे नेण्याच्या गाड्या, नेत्यांच्या वाढदिवसाचे फलक, मंडळांच्या वर्गण्या हा खर्च हळूहळू प्रतिनिधीच्या खिशातून होऊ लागतो. पक्ष कोणता खर्च देणार हे आधी विचारावे, आणि स्वतःच्या मिळकतीतून महिन्याला किती रक्कम जाईल याची मर्यादा घरात बसून ठरवावी. पक्षासाठी निधी गोळा करण्यास सांगितले गेले तर पक्षाच्या नावाची पावती असल्याशिवाय एक रुपयाही हाती घेऊ नये. दोन हजार रुपयांपेक्षा अधिक देणगी पक्षाला रोखीने स्वीकारता येत नाही. कारखान्याच्या नेमणूकपत्रात राजकीय कामाविषयी काही अट आहे का, हेही पाहून घ्यावे.

प्रश्न : माझे पती राज्य शासनाच्या सेवेत लिपिक आहेत. मला पक्षाच्या महिला आघाडीचे प्रभागातील काम देऊ केले आहे. त्यामुळे पतींच्या नोकरीस बाधा येईल का? (नाशिक रोड)

उत्तर : पक्षाचे सदस्य होण्यास आणि निवडणुकीच्या राजकारणात भाग घेण्यास जी मनाई आहे ती आपल्या पतींना आहे, आपल्याला नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधील तरतूद शासकीय कर्मचाऱ्यासाठी आहे. मात्र घर दोघांचे असते याचा विचार आपण करायला हवा. कर्मचाऱ्याने आपल्या अंगावर, वाहनावर किंवा निवासस्थानावर निवडणूक चिन्ह लावणे म्हणजे आपल्या पदाचा प्रभाव वापरणे असे नियम मानतात, म्हणून घरावर पक्षाचा झेंडा लावू नये आणि पतींच्या नावावरील गाडी प्रचाराला नेऊ नये. बैठकाही शक्यतो दुसरीकडे घ्याव्यात. मतदानाच्या दिवशी माणूस कमी पडला म्हणून पतींना केंद्रावर प्रतिनिधी म्हणून बसवण्याची चूक तर मुळीच करू नये. विधानसभा आणि लोकसभेच्या निवडणुकीत शासकीय कर्मचाऱ्यासाठी तो शिक्षेस पात्र गुन्हा आहे. एवढी काळजी घेऊन आपण निःशंकपणे काम स्वीकारावे.

प्रश्न : मी सातपूर भागात पक्षाची बीएलए आहे. वरिष्ठांनी मला दीडशेच्या आसपास नावे दिली असून, ही माणसे येथे राहत नाहीत असे लिहून नाव वगळण्याचे नमुना ७ चे अर्ज भरून देण्यास सांगितले आहे. त्यांतील कित्येक जण भाड्याच्या खोल्यांत राहणारे कामगार असून मी त्यांना रोज पाहते. नकार दिला तर पद जाईल, असे सांगण्यात आले आहे.

उत्तर : अशा अर्जांवर आपण सही करू नये. यात मधला मार्ग शोधण्याचा प्रयत्नही करू नये.

नमुना ७ वर सही करणारी व्यक्ती आपण दिलेली माहिती खरी असल्याचे घोषित करत असते. खोटे आहे हे माहीत असताना असे घोषित केल्यास लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम ३१ नुसार एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि ती वरिष्ठांना नव्हे, सही करणाऱ्याला होते. बीएलएने एका वेळी किती अर्ज द्यावेत यालाही मर्यादा आहे. नेहमीच्या काळात एका दिवसात दहापेक्षा अधिक अर्ज मतदान केंद्रस्तरीय अधिकारी स्वीकारत नाहीत, एकूण अर्ज तीसपेक्षा अधिक झाले तर वरच्या अधिकाऱ्यांनी त्यांची फेरतपासणी करायची असते, आणि अर्जांबरोबर आपण स्वतः पडताळणी केल्याचे लेखी द्यावे लागते. दीडशे अर्ज एकगठ्ठा देण्याची सूचना म्हणूनच मुळात चुकीची आहे.

शिक्षेपेक्षाही मोठी गोष्ट त्या माणसांची आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येऊन सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणारा माणूस रात्रपाळीमुळे दिवसा दार उघडत नाही, किंवा शेतीच्या कामासाठी महिनाभर गावी जातो. तात्पुरत्या अनुपस्थितीमुळे एखाद्याचे सर्वसाधारण रहिवासी असणे संपत नाही, असे त्याच कायद्याचे कलम २० सांगते. त्याच कलमात असेही म्हटले आहे की केवळ घर मालकीचे आहे म्हणून कोणी तेथला रहिवासी ठरत नाही. म्हणजे भाडेकरूचा हक्क घरमालकाच्या हक्कापेक्षा तसूभरही कमी नाही. नाव वगळण्यापूर्वी मतदार नोंदणी अधिकाऱ्यांनी त्या व्यक्तीला म्हणणे मांडण्याची संधी द्यायची असते हे खरे. पण नोटीस बंद दाराला चिकटवली जाते, पाळीवरून आलेला माणूस ती वाचतोच असे नाही, आणि मतदानाच्या सकाळी केंद्रावर त्याला कळते की आपले नाव यादीत नाही. ही वेळ आपल्या सहीमुळे कोणावरही येऊ नये.

यादी मात्र फेकून देऊ नका. तीत खरोखरच मृत, स्थलांतरित आणि दुबार नावे असण्याची शक्यता आहे आणि ती दुरुस्त होणे सर्वांच्याच हिताचे आहे. ती घेऊन संध्याकाळी आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी घरोघर जावे; आपल्याबरोबर शेजारचीच एखादी जाणती बाई असली तर दारे लवकर उघडतात. मृत व्यक्तीच्या घरच्यांना मृत्यूच्या दाखल्यासह त्यांनी स्वतःच अर्ज करावा असे सांगावे. लग्न होऊन सिन्नरला किंवा पुण्याला गेलेल्या मुलीला नव्या पत्त्यावरून नमुना ८, म्हणजे पत्ता बदलण्याचा अर्ज, भरायला सांगावे, म्हणजे जुन्या जागेवरील नाव आपोआप निघण्याची वाट मोकळी होते. जी माणसे येथे राहतात त्यांची नावे खुणा करून, पडताळणीच्या तारखेसह, वरिष्ठांना लेखी परत द्यावीत. यावर पद गेले तर जाऊ द्यावे. ज्यांच्या घरी आपण या निमित्ताने गेलात त्यांच्याशी आपली ओळख कायम राहील, ते कोणाला मत देतात हा प्रश्न वेगळा.

याच फेरीत नवी नावे नोंदवण्याचे कामही करता येईल. आता वर्षातून चार तारखांना, म्हणजे १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबरला, १८ वर्षे पूर्ण होणाऱ्यांची नोंद होते आणि १७ वर्षांपुढील मुले आगाऊ अर्ज करू शकतात. हे वेळेत होणे किती महत्त्वाचे आहे हे महापालिकेच्या निवडणुकीने दाखवून दिले. राज्य निवडणूक आयोग स्वतंत्र यादी तयार करत नाही, तो विधानसभेची यादी प्रभागांनुसार विभागून घेतो, आणि जानेवारी २०२६ च्या मतदानासाठी १ जुलै २०२५ ची यादी घेतली गेली. त्यानंतर नोंदणी केलेल्यांना मतदान करता आले नाही. एखाद्याचे नाव चुकीने वगळले गेलेच, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे १५ दिवसांत अपील करता येते हेही लोकांना सांगून ठेवावे.

प्रश्न : मी सिडकोत पक्षाचा शाखाप्रमुख आहे. आमच्या गल्लीत पाणी कमी दाबाने येते आणि लोक माझ्याकडे तक्रार घेऊन येतात. प्रभागातील चारही नगरसेवक इतर पक्षांचे असून प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मी अधिकाऱ्यांकडे कोणत्या नात्याने जावे?

उत्तर : रहिवाशांपैकी एक म्हणून जावे. अर्ज पक्षाच्या छापील कागदावर न देता गल्लीतील रहिवाशांच्या नावाने, घर क्रमांक आणि सह्यांसह द्यावा, आणि त्यात आपली सही इतरांसारखीच एक असावी. पक्षाच्या नावाने गेलेली तक्रार पुष्कळदा पक्षाच्या भांडणात अडकते, पाणी मात्र गल्लीतील सर्वांनाच हवे असते. नगरसेवकांविषयी सांगायचे तर चारही सदस्य संपूर्ण प्रभागाच्या मतांनी निवडून येतात. त्यांनी आपसांत गल्ल्या वाटून घेतल्या असल्या तरी ती त्यांची सोय आहे. चौघांच्याही नावे एकच पत्र लिहून प्रत्येकाला प्रत द्यावी.

तक्रार नेमकी कोणाकडे जायला हवी याकडे मात्र फार लक्ष द्यावे लागते. महापालिकेची सहा विभागीय कार्यालये आहेत आणि आपला भाग नवीन नाशिक विभागात येतो, पण महामार्गाचा सेवा रस्ता आणि महावितरणचा खांब यांच्या तक्रारी तेथे देऊन महिने वाया जातात. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात कामे सुरू असताना तर खोदकाम कोणत्या यंत्रणेचे आहे हे आधी विचारूनच पत्र लिहावे.

पाण्याच्या बाबतीत अर्जापूर्वी आठवडाभर नोंदी घ्याव्यात : व्हॉल्व्हमन किती वाजता व्हॉल्व्ह उघडतो, पहिल्या घरात पाणी केव्हा येते, शेवटच्या घरात केव्हा येते आणि किती वेळ टिकते. या नोंदींसह गेलात तर कनिष्ठ अभियंत्याला जागेवर येऊन पाहणे भाग पडते. कित्येक ठिकाणी दोष जलवाहिनीत नसतो, वरच्या बाजूच्या घरांनी नळाला थेट मोटार लावलेली असते. ती घरे आपल्याच पक्षाच्या मतदारांची असली तरी मोटार काढायला सांगणे आपल्याला टाळता येणार नाही. शेवटच्या घरातील बाई पहाटे उठून हंडा भरण्याची वाट पाहत असते आणि तिनेही आपल्यावर विश्वास टाकलेला असतो. काम इतर पक्षाच्या नगरसेवकाने करून दिले तर तसे लोकांना उघडपणे सांगावे.

अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये. महिनाभरात उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून, त्या आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या तारखेस काय कार्यवाही केली, एवढाच प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. न मिळाल्यास पुढील ३० दिवसांत प्रथम अपील दाखल करता येते.