अभ्यासकाला काय विचारावे?

प्रश्न : आमच्या वाचनालयात बारा-तेरा जणांचे एक वाचनमंडळ गेले वर्षभर ज्ञानेश्वरी वाचते आहे. मध्यंतरी एका अभ्यासकांना चर्चेसाठी बोलावले होते. ते दीड तास उत्तम बोलले, परंतु प्रश्नांसाठी वेळ आली तेव्हा कोणीच काही विचारले नाही. शिवाय आमच्याकडील छापील प्रतींमध्ये ओव्यांचे क्रमांक आणि काही ठिकाणी शब्दही जुळत नाहीत, त्यावरून मंडळात वाद होतो. पुढील महिन्यात दुसरे एक अभ्यासक आणि त्यांच्यासोबत एक कवी येणार आहेत. ही चर्चा व्याख्यानासारखी न होता खरोखरीचा संवाद व्हावा, यासाठी काय करावे?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ज्या गोष्टीवरून आपल्या मंडळात वाद होतो, तीच पाहुण्यांपुढे ठेवण्याजोगी सर्वांत मोलाची गोष्ट आहे. प्रती जुळत नाहीत ही आपल्या वाचनातील अडचण नव्हे. ग्रंथाच्या इतिहासाचाच तो भाग आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झाली. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी निरनिराळ्या पोथ्या पाहून तिची शुद्ध प्रत तयार केली आणि मूळ ग्रंथ अतिशुद्धच होता, बिघाड पाठांतरांमुळे, म्हणजे शब्द बदलत गेल्यामुळे झाला, असे त्यांनी स्वतः नोंदवून ठेवले. ज्ञानेश्वरीत स्वतःची ओवी घालणाऱ्याने अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवली असे समजावे, असेही त्यांनी बजावले आहे. तसे करणारे लोक होते, म्हणूनच हे बजावण्याची गरज पडली असणार. पुढे इतिहासाचार्य राजवाडे यांनी बीडजवळील पाटांगण येथे मिळालेल्या पोथीच्या आधारे १९०९ साली आपली प्रत छापली. ती एकनाथपूर्व आहे, हा त्यांचा दावा सर्वच अभ्यासकांनी मान्य केला असे नाही. वारकरी परंपरेत साखरे महाराजांच्या प्रतीला मान आहे. यांपैकी कोणत्या परंपरेची प्रत आपल्या हातात आहे, हे प्रत्येकाने प्रस्तावना वाचून आधी टिपून ठेवावे.

त्यानंतर ज्या चार-पाच ओव्यांत आपल्या प्रतींचे शब्द वेगळे पडतात, त्या एका कागदावर शेजारी शेजारी उतरवून पाहुण्यांना आठ दिवस आधी पाठवाव्यात आणि चर्चेत एवढेच विचारावे, की आपण कोणता पाठ, म्हणजे कोणत्या प्रतीतला शब्द, स्वीकाराल आणि का. लेखनिक अवघड शब्दाच्या जागी सोपा शब्द लिहून जातो, सोप्याच्या जागी अवघड सहसा लिहीत नाही, म्हणून अवघड पाठ पुष्कळदा जुना ठरतो. पण अवघड दिसणारा शब्द कधी निव्वळ हस्तदोषही असतो. या दोहोंतला निवाडा अभ्यासक कसा करतात, ते त्यांच्याच तोंडून ऐकणे हे दीड तासाच्या व्याख्यानाहून अधिक शिकवून जाते, असा माझा अनुभव आहे.

दुसरा विषय सुचवतो, तो म्हणजे एखाद्या ओवीत बोलणारा कोण आहे. गीतेचे सातशे श्लोक ज्ञानेश्वरीत सुमारे ९,००० ओव्यांचे झाले, ते केवळ स्पष्टीकरणामुळे नव्हे. श्रीकृष्ण आणि अर्जुन बोलतात, ते संजय धृतराष्ट्राला सांगतो, आणि या दोहोंच्या बाहेर ज्ञानदेव, समोर बसलेले निवृत्तिनाथ आणि श्रोते यांचे स्वतंत्र बोलणे चाललेले असते. नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात, तसे दिल्यास सर्व सुखास पात्र व्हाल असे प्रतिज्ञापूर्वक सांगतात, आणि लगेच पुढच्या ओवीत, हे मी सर्वज्ञांच्या सभेत प्रौढीने बोलत नाही, ही माझी सलगीची विनवणी आहे, असे म्हणतात. आपल्या मंडळात कोणी अशी ओवी श्रीकृष्णाच्या तोंडी वाचली असेल, तर तो गैरसमज चर्चेत उघडपणे मांडावा.

कवींना मात्र पाठभेद विचारू नयेत. त्यांच्यापुढे तेराव्या अध्यायातील अहिंसेचे निरूपण ठेवावे. गीतेतील त्या एका शब्दासाठी ज्ञानदेवांनी शंभराहून अधिक ओव्या खर्च केल्या आहेत. त्यांत अहिंसक माणसाच्या चालण्याचे वर्णन येते :

कां कमळावरी भ्रमर । पाय ठेविती हळुवार ।
कुचुंबैल केसर । इया शंका ॥

आणि पुढच्याच ओवीत तो माणूस ‘कारुण्यामाजीं पाउलें लपवूनि’ चालतो. पाऊल हळू टाकतो असे म्हणून भागले असते. पाऊल लपवायचे, तेही करुणेत, ही कल्पना कशी सुचते आणि ‘कुचुंबैल’ऐवजी ‘कुस्करेल’ ठेवल्यास ओवीतून नेमके काय जाते, हे लिहिणारा माणूस जितके जवळून सांगेल, तितके आपण किंवा मी सांगू शकणार नाही. जुन्या ग्रंथांवर आजच्या लेखकांशी बोलण्याचे खरे प्रयोजन हेच आहे. दिलीप चित्रे यांनी तुकारामांचे अभंग इंग्रजीत आणले (हे भाषांतर १९९१ साली प्रसिद्ध झाले), ते कवी म्हणून. भाषांतरकाराला प्रत्येक शब्दापाशी थांबून एक अर्थ पत्करावा आणि दुसरा सोडावा लागतो, म्हणून ज्याने असे काम केले आहे त्याला ‘आपण काय सोडलेत?’ हे अवश्य विचारावे.

सत्काराचे आणि परिचयाचे भाषण पाच मिनिटांत आटोपावे. पाहुण्यांना व्यासपीठावर न बसवता सर्वांसोबत बसवावे आणि प्रत्येकाच्या समोर ग्रंथ उघडा असावा.

प्रश्न : मी अनेक वर्षे परदेशात राहते. येथील काही मराठी कुटुंबे दर महिन्याला एका अभ्यासकांशी दूरदृश्य माध्यमातून संतसाहित्यावर बोलतात. मला संस्कृत येत नाही, जुनी मराठीही अडखळत वाचते. शब्दाचा साधा अर्थ विचारून सर्वांचा वेळ घेणे योग्य आहे का?
— एक वाचक, परदेशातून

उत्तर : निःसंकोच विचारावे. शब्दाच्या अर्थाचा प्रश्न प्राथमिक वाटतो, पण तेराव्या शतकातील मराठीबाबत तो पुष्कळदा अभ्यासकांनाही थांबवतो. त्यासाठी शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषी यांनी मिळून जुन्या मराठीचा कोश तयार केला. तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यातील अर्थ इंग्रजीत आहेत, त्यामुळे परदेशात वाढलेल्या आपल्या मुलांनाही तो वापरता येईल. शब्द आधी त्यात पाहावा, मिळालेला अर्थ ओवीत बसतो का ते तपासावे, आणि बसत नसेल तर बैठकीत तेवढेच सांगावे : कोशात हा अर्थ आहे, येथे तो लागत नाही. आपला अर्थ चुकला असेल तर अभ्यासक तसे सांगतील. चुकला नसेल, तर त्या दिवशीची बैठक त्याच एका ओवीवर गेली तरी चालेल.