‘सेट अप’, ‘सेट-अप’ की ‘सेटअप’?

तुमचे दोन प्रश्न आहेत: इंग्रजीतल्या ‘सेट’ या एकाच शब्दाला एवढे अर्थ कसे, आणि ‘सेट अप’, ‘सेट-अप’, ‘सेटअप’ यांपैकी शुद्ध रूप कोणते. तिन्ही शुद्ध आहेत, जागा मात्र वेगळ्या आहेत. क्रियापद असेल तर शब्द सुटे लिहावेत. नाम असेल तर ब्रिटिश वळणाने मध्ये संयोगचिन्ह द्यावे आणि अमेरिकी वळणाने शब्द जोडून टाकावेत. कानाने ओळखायचे झाल्यास क्रियापदात जोर ‘अप’वर पडतो, नामात ‘सेट’वर.

अर्थांचे म्हणाल, तर या शब्दात दोन घराणी एकत्र आली आहेत. क्रियापद मूळचे इंग्रजीच आहे. ‘बसणे’ या अर्थाच्या ‘सिट’चे ते प्रयोजक रूप, म्हणजे ‘बसवणे’. हाड बसवणे, घड्याळ लावणे, स्लॅब आळणे, सूर्य मावळणे हे सगळे त्याचेच विस्तार. कपबश्यांचा ‘सेट’ मात्र जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ लॅटिन ‘सेक्ता’त, म्हणजे अनुयायांच्या गटात आहे. पुढे दोन्ही इतके मिसळले की १९८९ च्या ऑक्सफर्डच्या बृहत्कोशात ‘सेट’च्या क्रियापदाला ४३० अर्थ द्यावे लागले आणि ती नोंद सुमारे ६०,००० शब्दांची झाली. नंतरच्या संपादनात ‘रन’ ६४५ अर्थ घेऊन पुढे गेला. असा शब्द एकटा काहीच सांगत नाही. शेजारचा शब्द आणि मधली रेघ यांवरूनच त्याचा अर्थ ठरतो. म्हणूनच संयोगचिन्हाला ‘नुसती सजावट’ म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही.

मी गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या एका छापखान्यात इंग्रजी आणि मराठी प्रुफे तपासते. काही वर्षांपूर्वी एका फुटबॉल क्लबची स्मरणिका आमच्याकडे छपाईला आली होती. संघाच्या कर्णधाराने क्लबशी नव्याने करार केला होता आणि ती अभिमानाची बातमी पहिल्याच पानावर होती. इंग्रजीत ‘पुन्हा करार केला’ यासाठी ‘री-साइन्ड’ लिहितात, मध्ये संयोगचिन्ह देऊन. ते काढले की अक्षरे तीच राहतात, पण शब्द ‘रिझाइन्ड’ होतो, म्हणजे राजीनामा दिला. बोलताना हा घोटाळा होत नाही, कारण एकात ‘स’ आहे आणि दुसऱ्यात ‘झ’. फसतो तो फक्त डोळा. मजकुरात मी रेघ घातली होती. क्लबच्या चिटणिसांकडून प्रूफ परत आले तेव्हा तिच्यावर लाल शाईने काट मारलेली होती आणि समासात ‘हायफन नको’ असे लिहून खाली सही केलेली होती.

मी लगेच फोन केला. ते म्हणाले, “बाई, ऑक्सफर्डने हजारो हायफन काढून टाकले, पेपरात आले होते ते. तुम्ही अजून जुन्याच पद्धतीला धरून बसलात.” बातमी खरी होती. ‘शॉर्टर ऑक्सफर्ड’ या ऑक्सफर्डच्याच आटोपशीर कोशाच्या २००७ च्या सहाव्या आवृत्तीत सुमारे १६,००० शब्दांतले संयोगचिन्ह काढले गेले. ‘आइस-क्रीम’चे दोन सुटे शब्द झाले आणि ‘बम्बल-बी’ जोडून लिहिला जाऊ लागला. परंतु तिथे रेघ गेल्याने अर्थाला धक्का लागत नव्हता, इथे तो उलटा होत होता, हे मी त्यांना उदाहरणासह सांगितले. रेघ नकोच असेल तर वाक्य बदलून ‘नवा करार केला’ असे सरळ लिहू, असेही सुचवले. समितीने मंजूर केलेल्या मजकुराला हात लावायचा नाही, एवढेच उत्तर मिळाले. सही त्यांची होती, त्यामुळे त्यांच्या सांगण्याप्रमाणे छापावे लागले.

प्रकाशनाच्या संध्याकाळीच लोक त्या कर्णधाराला, का सोडलेस, म्हणून विचारू लागले आणि जाहिरात देणाऱ्या एका व्यापाऱ्याने क्लबकडे खुलासा मागितला. समितीने सगळ्यांना सांगितले की चूक छापखान्याची आहे. ते लाल शाईचे प्रूफ माझ्याकडे आजही आहे आणि चिटणीस आजही तेच सांगत फिरतात.

आमच्याकडे पूर्वी पोर्तुगीज शिकलेले वयस्क ग्राहक येत. त्यांच्यापैकी कोणी रेघ खोडल्याचे मला आठवत नाही. त्या भाषेत क्रियापदामागून सर्वनाम येते तेव्हा ते रेघेनेच जोडावे लागते. ‘विकणे आहे’ म्हणायचे तर पाटीवर ‘व्हेंदे-से’ असेच लिहितात. रेघ हा लेखनाचा भाग आहे हे त्यांना शाळेतच शिकवले जाई. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली ज्या गोव्यात उतरला, तिथे प्रुफावरच्या एका खुणेला एवढे क्षुल्लक मानावे याचे मला मनापासून वाईट वाटते.

तेव्हा माझा सल्ला असा की, शब्द एकदा रेघेसह आणि एकदा रेघेविना वाचून पाहावा. अर्थ बदलत असेल तर रेघ सोडू नये, मग समोर कोणीही असो. ‘रिकव्हर’ म्हणजे बरे होणे आणि ‘री-कव्हर’ म्हणजे पुन्हा आच्छादन घालणे. अशा जोड्या बऱ्याच आहेत. अशी रेघ ओळीच्या शेवटी येऊ देऊ नये, कारण तिथे ती शब्द तोडल्याची खूण वाटते आणि वाचक पुढच्या ओळीत तिला गाळूनच वाचतो. संगणकावर यासाठी न तुटणारे संयोगचिन्ह मिळते, ते वापरावे. आणि बाहेरच्या कोणी प्रुफात बदल केला असेल, तर सहीचा तो कागद जपून ठेवावा.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती: ‘सेटअप’सारख्या नामांत वळण दरवर्षी थोडे बदलते आहे आणि ब्रिटिश वृत्तपत्रेही ते जोडून लिहू लागली आहेत, त्यामुळे ज्यांच्यासाठी लिहिता त्यांचा कोश पाहून एकच रूप शेवटपर्यंत ठेवावे. ‘री-साइन’चे मात्र तसे नाही. ऑक्सफर्ड आणि मेरियम-वेबस्टर या दोन्ही घराण्यांच्या कोशांत ती रेघ आजही आहे. चिटणिसांनी ज्या ऑक्सफर्डचा दाखला दिला, त्याचे ते पान उघडून पाहिले नव्हते.