रविवारी संध्याकाळपासूनच छातीत धडधडायला लागतं

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बँकेच्या शाखाधिकाऱ्यांचं पत्र आहे. वय ४४, बायको-मुलगी नागपूरला, हे तालुक्याच्या गावी एकटे. सहा जणांचं काम तिघं करतायत, त्यात पीककर्जाची गर्दी, आणि रोज संध्याकाळी ७ ला वरच्या साहेबांची व्हीसी (व्हिडिओ मीटिंग), आज विमा किती केला, वसुली किती झाली. झोप नाही, बीपी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा १५०/१०० च्या आसपास, तरी डॉक्टरकडे गेले नाहीत. मागच्या मंगळवारी केवायसीसाठी आलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं पासबुक त्यांनी काउंटरवर फेकलं. "ताई, मी असा नव्हतो हो. कधीकधी वाटतं गाडी काढावी आणि निघून जावं, परत येऊच नये.")

दादा, पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या पासबुकापाशी थांबले. तुम्ही वाईट माणूस झालाय असं मला अजिबात वाटत नाहीये, महिनोन्महिने धड न झोपलेला माणूस असाच वागायला लागतो.

आधी एक विचारते, रागावू नका. ते "परत येऊच नये" म्हणजे नक्की काय? जीव द्यायचा विचार मनात येत असेल तर हे वाचणं इथेच थांबवा आणि १४४१६ ला फोन लावा. टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलता येतं. आणि आज रात्री बायकोला फोन करून सगळं सांगा, "बरंय, चाललंय" एवढंच सांगून ठेवू नका.

मग डॉक्टर, उद्याच. १४०/९० च्या वर बीपी सारखं राहत असेल तर ते टेन्शनचं आहे, आपोआप उतरेल म्हणून सोडून द्यायचं नसतं, आणि धडधडीसाठी ईसीजी पण काढून घ्या. तुम्ही सकाळी ९ ते रात्री साडेआठ लिहिलंय, म्हणजे सुट्टीचे शनिवार धरूनही आठवड्याला साठेक तास होतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने (आयएलओ) २०२१ मध्ये सांगितलं होतं की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५-४० तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका ३५ टक्के जास्त असतो. घाबरवायला नाही सांगत, पण मार्च एंडिंगनंतर बघू, खरीप झाल्यावर बघू असं करत तुम्ही वर्ष काढलंय म्हणून सांगतेय.

आता कामाचं. १९७९ मध्ये रॉबर्ट कारासेक नावाच्या अभ्यासकाने मांडलं होतं की नुसत्या जास्त कामाने माणूस तेवढा खचत नाही, काम प्रचंड आणि आपल्या हातात काहीच नाही, हे एकत्र आलं की खचतो. तुमची खुर्ची नेमकी तीच आहे ना, टार्गेट वरून येणार, माणसं वरून येणार नाहीत, आणि काउंटरवर शिव्या मात्र तुम्ही खायच्या. म्हणून थोडं हातात घ्या. व्हीसीत "सर, स्टाफ नाही" म्हणून काही होत नाही, तुम्हीही बघितलंय. रीजनल ऑफिसला मेल करा, चार ओळींचा, मंजूर स्टाफ किती, हजर किती, पीककर्जाची पेंडन्सी किती, एवढ्या माणसांत हे होईल आणि हे होणार नाही, आधी काय घेऊ ते लेखी कळवा. पंधरा दिवसांनी पुन्हा करा. एक कॉपी ऑफिसर्स असोसिएशनला द्या, वर्गणी कापली जातेच ना पगारातून.

डॉक्टरांनी रजा लिहिली तर घ्या. ब्रँचचं कसं होईल म्हणाल, तर तुम्हाला ॲडमिट केल्यावर दुसरीकडून माणूस डेप्युट करतीलच, मग आत्ताही करू शकतात.

स्टाफशी पण बोला. व्हीसीत खाल्लेली बोलणी सकाळी तुम्ही त्या दोघांवर काढताय, पत्रातून दिसतंय ते. त्यांना एकदा चहाला घेऊन बसा आणि बीपीचं सांगून टाका, लपवू नका.

आणि ते शेतकरी काका. त्यांचं केवायसी झालं का बघा. नसेल तर निरोप पाठवून बोलवा, केबिनमध्ये समोर बसवून स्वतः करून द्या, आणि त्या दिवशी माझं चुकलं म्हणा. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा, वाट बघतेय.