रात्रीचं पाणी, सकाळची धार आणि कांदा लागवड: थंडीत अंग गरम ठेवायचं कसं?

नमस्कार मंडळी. एरवी या दिवसात मला प्रश्न येतात ते द्राक्षाच्या मण्याला तडे गेले, थॉमसनचे मणी गुलाबी पडायला लागले, भुरीला काय मारू असे. यंदा निफाड, येवला, सिन्नरकडून वेगळेच प्रश्न आलेत आणि मला ते जास्त महत्त्वाचे वाटले. एका दादांनी विचारलंय की लाइट रात्रीची आहे, गव्हाला पाणी भरताना पाय सुन्न होतात, काय करू. कांदे लावायला जाणाऱ्या एका ताईंनी विचारलंय की बोटं सुजून लाल होतात आणि रात्री खाजतात. एका तरुणाचा प्रश्न, गोठ्यात आणि पडवीत शेगडी ठेवली तर चालेल का. आणि तिघाचौघांनी विचारलंय की थोडी घेतली तर थंडी कमी वाजते, हे खरं का. सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो.

निफाडची थंडी काय असते ते तुम्हाला सांगायला नको, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा दर हिवाळ्यात पेपरात पहिल्या पानावर असतो. पण पारा चार अंशावर आला म्हणून माणूस गारठत नाही हो, कोरड्या अंगानं दोन स्वेटर घालून बसलेल्या माणसाला चार अंशात काही होत नाही, आणि ओल्या पँटनं वाऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसाला दहा अंशातही हुडहुडी भरते. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगानं अंगातली उष्णता ओढून घेतं. म्हणून माझं सगळं सांगणं एकाच गोष्टीभोवती आहे, कोरडं राहा आणि ओलं काम उन्हात घ्या. जाड कपडे त्यानंतर.

आता गव्हाचं. दादा, प्रत्येक पाळी रात्रीच भरली पाहिजे असं नाहीये. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळं फुटतात, ते पाणी अजिबात चुकवू नका. पण पुढच्या पाळ्या, म्हणजे कांडी धरताना ४०-४५ दिवसांची, नंतर फुलोऱ्याची, दाणे भरतानाची, या भारी काळ्या जमिनीत दोन-तीन दिवस मागेपुढे झाल्या तर गहू काही बिघडत नाही. महावितरणचं वेळापत्रक बघा, दिवसाची लाइट दोन-तीन दिवसांवर आली असेल तर थांबा आणि दिवसा भरा. ज्यांच्याकडे तुषार संच आहे त्यांनी पाइप संध्याकाळीच अंथरून ठेवावेत, रात्री ओले पाइप खांद्यावर घेऊन फिरू नये. आणि दिवसा लाइट मिळावी ही तुमची मागणी रास्तच आहे, बिबट्या आणि थंडी दोन्ही डोक्यावर घेऊन माणसानं रात्री शेतात का उभं राहायचं? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे, तुमचं फीडर, म्हणजे तुमच्या शेताला वीज देणारी वाहिनी, त्यात कधी येणार हे सबस्टेशनला जाऊन विचारत राहा, मागे लागा.

तोपर्यंत रात्री जावंच लागलं तर गुडघ्यापर्यंतचे गमबूट घाला, आणि ते एक नंबर मोठे घ्या म्हणजे आत लोकरीचे मोजे बसतात. घट्ट बुटात रक्त खेळत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. मोज्यांचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत सोबत ठेवा, मधेच बदलला की फरक लगेच कळतो. गमबुटाचा दुसरा फायदा घोणस, ती या थंडीतही फिरते, हा तिचा जोड लागायचा काळ आहे, त्यामुळे बॅटरीशिवाय बांधावरून चालू नका. अंगात आधी पातळ कोरडा बनियन, वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं काहीतरी, रेनकोटचं जाकीट असलं तरी चालतं. नुसता जाड सुती स्वेटशर्ट ओला झाला की त्याचा काही उपयोग उरत नाही. घोंगडी असेल तर तिच्यासारखं काही नाही, लोकर ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही, आपल्या धनगर बांधवांनी रानात वर्षानुवर्षं तिच्यावर रात्री काढल्यात. घोंगडी नसेल तर पोत्याची खोळ करा, पण ते पोतं खताचं किंवा औषधाचं नको, धान्याचंच घ्या.

मोटारीच्या स्टार्टरला ओला हात लावू नका. गारठलेल्या बोटांना झटका कळायला वेळ लागत नाही पण सोडवायला लागतो. पेटीसमोर कोरडी लाकडी फळी टाकून ठेवा, हात पुसायला फडकं तिथंच खिळ्याला अडकवा, आणि अर्थिंग नीट आहे का ते एकदा वायरमनकडून बघून घ्या.

आता ताईंचा प्रश्न, आणि इथं मला शेतमालकांशीही बोलायचंय. उक्त्यावर काम असतं, एकर लवकर उरकायचा म्हणून बायका सात वाजताच वाफ्यात उतरतात, पाणी भरलेल्या चिखलात अनवाणी, वाकून, दोन-तीन तास. बोटं सुजतात, लाल-जांभळी होतात, रात्री पांघरुणात गरम झाली की खाजतात, हा गार आणि ओल्याचाच त्रास आहे. मालकांनी पहिले दोन तास कोरडी कामं ठेवावीत, रोप उपटणं, निवडणं, शेंडे छाटणं, जुड्या करणं, आणि चिखलातली लागवड नऊनंतर सुरू करावी. एका दिवसात एकर कमी उरकला तरी चालेल हो. वाफे भरायला शेततळ्याऐवजी विहिरीचं ताजं पाणी घेता आलं तर घ्या, खोल विहिरीचं पाणी थंडीतही कोमट लागतं आणि तळ्याचं वरचं पाणी पहाटे बर्फासारखं असतं. रोपं औषधात बुडवणाऱ्या बाईला रबरी हातमोजे द्याच, ते औषधासाठीही लागतात. ताई, घरी गेल्यावर बोटं थेट चुलीवर धरू नका, सुन्न बोटाला चटका कळत नाही. कोमट पाण्यात धुवायची, पूर्ण कोरडी करायची, खोबरेल लावायचं, खाजवायचं नाही. फोड आले, जखम झाली किंवा साखरेचा आजार असेल तर दवाखान्यात दाखवा. साखर असलेल्यांनी पाय तर शेकोटीजवळ नेऊच नयेत.

फवारणीलाही हेच. दव असताना ब्लोअर चालवला तर औषध पानावरून गळून जातं आणि ड्रायव्हर भिजतो तो वेगळाच. दव वाळू द्या.

एक सगळ्यांना कळकळीनं सांगतो. कडबा कुट्टी, मळणी यंत्र, ट्रॅक्टरचा पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा दांडा) यांच्याजवळ मफलर, शाल, ओढणी लोंबकळत ठेवू नका. कान बांधायचे तर माकडटोपी घाला, शाल स्वेटरच्या आत खोचा. फिरता शाफ्ट कापड ओढतो तेव्हा माणसाला हात सोडवायलाही वेळ मिळत नाही.

शेगडीचं उत्तर साफ नाही असं आहे. बंद खोलीत, पडवीला ताडपत्री लावून, गोठा चारी बाजूंनी झाकून कोळशाची शेगडी ठेवायची नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोकं दुखतं, मळमळतं आणि झोपेतच माणूस जातो. शेकोटी उघड्यावर करा, त्यात टायर आणि ड्रिपच्या जुन्या नळ्या टाकू नका. बागेत पहाटे धूर करणाऱ्यांनी वाऱ्याच्या वरच्या अंगाला थांबावं. गाईगुरांसाठी वाऱ्याच्या बाजूला बारदान लावा आणि खाली कोरडा पालापाचोळा टाका. धार काढायच्या आधी कास कोमट पाण्यानं धुऊन लगेच पुसा, तुमचेही हात गरम होतात आणि गाय पान्हाही चांगला सोडते.

आणि दारू. ती घेतली की कातडीजवळचं रक्त वाढतं म्हणून गरम वाटतं, पण तीच उष्णता बाहेर निघून जाते आणि अंग आतून गार पडतं. वरून कुडकुडणं कमी होतं, म्हणजे शरीर जी सूचना देत असतं तीच बंद पडते. रात्री पाण्यावर जाताना थेंबही नको. त्याऐवजी बाजरीची भाकरी, गूळ, तीळ, हुलग्याचं गरम कढण असं पोटभर खाऊन जा आणि थर्मासमधे चहा न्या. उपाशी माणूस लवकर गारठतो.

सोबत्याचं बोलणं अडखळायला लागलं, चालताना तोल जायला लागला, कुडकुडत होता तो अचानक थांबला, तर ते बरं वाटण्याचं लक्षण समजू नका. आडोशाला न्या, ओले कपडे काढा, कोरड्या गोधडीत गुंडाळा, शुद्धीत असेल तरच गोड चहा द्या, हातपाय जोरात चोळू नका आणि १०८ ला फोन करा. पन्नाशीच्या पुढच्या आणि बीपीच्या मंडळींनी गोधडीतून उठून थेट बाहेर पडू नये, घरातच पाच-दहा मिनिटं हालचाल करावी, कारण गारव्यानं रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावर ताण येतो. छातीत दाब, डाव्या हातात कळ किंवा एकदम घाम आला तर अॅसिडिटी म्हणून सोडा पीत बसू नका, पाणी चालू असलं तरी मोटार तशीच सोडा आणि आधी दवाखाना गाठा.