अमेरिकेला येताना फोन: जीएसएम-सीडीएमए विसरा, व्होल्टी आणि बँड बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑगस्टमध्ये एमएससाठी ओहायोला यायचंय, हातात दोन वर्षांचा, पंधरा-सोळा हजारांचा अँड्रॉइड आहे, तो इकडे चालेल का? नवा घ्यायचा तर जीएसएम की सीडीएमए, आणि पुण्यात घ्यायचा की इथे येऊन?

जीएसएम आणि सीडीएमए ही मोबाइल जाळ्याची दोन जुनी तंत्रं; त्यांतलं कुठलं, हा प्रश्न आता उरलेलाच नाही. रिलायन्स इन्फोकॉम आणि टाटा इंडिकॉमच्या काळात आपल्याकडे, आणि व्हेरायझन आणि स्प्रिंट या कंपन्यांमुळे अमेरिकेत, तो खरोखर महत्त्वाचा होता. पण २०२२ या एका वर्षात अमेरिकेतलं जुनं जाळं बंद झालं. इथल्या तीन मोठ्या मोबाइल कंपन्यांपैकी एटी अँड टीने फेब्रुवारीत थ्री-जी बंद केलं, टी-मोबाइलने जुलैपर्यंत, आणि व्हेरायझनने डिसेंबरअखेर सीडीएमए. नेटवर सापडणारे कितीतरी सल्ले त्याआधीचे आहेत, म्हणून कुठलाही सल्ला वाचताना आधी तारीख बघा.

आता कळीचा मुद्दा आहे तो व्होल्टीचा, म्हणजे फोर-जीवरून आवाजी कॉल. भारतात एअरटेलच्या सिमवर एखाद्या फोनची व्होल्टी चालत नसली, तरी कॉल करताना फोन गुपचूप टू-जीवर उतरतो आणि कॉल लागतो, त्यामुळे फरक जाणवतच नाही. इकडे उतरायला खाली काही शिल्लक नाही. मग होतं असं: सिम टाकलं, वर फोर-जी दिसतंय, मॅप चालतोय, व्हॉट्सअॅपवर आईशी बोलणंही होतंय. म्हणजे फोन ठीकच आहे असं वाटतं. घरमालकाला साधा कॉल लावला की तो दोन सेकंदांत तुटतो, आणि तुम्हाला येणारे कॉल थेट व्हॉइसमेलवर जातात. ९११ ला, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरला, कॉल लागण्याचीही खात्री राहत नाही, म्हणून 'व्हॉट्सअॅपवर भागवू' असं म्हणू नका. बँक, विद्यापीठ, डॉक्टरचा दवाखाना, सगळे साधा कॉलच करतात.

'पण माझ्या फोनवर जिओ चालतं, म्हणजे व्होल्टी आहेच की!' हे बरोबर आहे, पण पुरेसं नाही. व्होल्टी चालायला फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या-त्या कंपनीची सेटिंग असावी लागते. भारतासाठी बनवलेल्या स्वस्त फोनात जिओ, एअरटेल, व्हीआयची सेटिंग असते. अमेरिकन कंपन्यांची बहुधा नसते, आणि ती आपल्याला बाहेरून सहज घालता येत नाही. आयफोन आणि पिक्सेलमध्ये ती सहसा असते. सॅमसंगच्या वरच्या श्रेणीतही बऱ्याचदा असते, पण भारतातलं मॉडेल वेगळं असल्याने तपासून घ्या.

दुसरी गोष्ट बँडची. टॉवर ज्या लहरींवर बोलतो त्या पट्ट्याला क्रमांक असतो, आणि फोनमध्ये तो क्रमांक असेल तरच रेंज येते. इथे मेगाहर्ट्झचा आकडा फसवतो. जिओचं फाइव्ह-जी ७०० वर आहे आणि अमेरिकेतही ७०० आहे, पण भारताचा ७०० म्हणजे बँड २८, तर अमेरिकेचा ७०० म्हणजे १२, १३, १४ आणि १७. एकाचा फोन दुसऱ्याच्या कामाचा नाही. तसंच २३०० चं: आपल्याकडे बँड ४०, एटी अँड टीकडे बँड ३०. फाइव्ह-जीच्या बँडच्या क्रमांकाआधी 'एन' लावतात. त्यात भारतात एन७८ सगळीकडे आहे, पण अमेरिकेतला सी-बँड ३७०० ते ३९८० मध्ये आहे आणि तिथले टॉवर तो एन७७ म्हणून देतात. फोनमध्ये फक्त एन७८ असेल तर त्या टॉवरचा उपयोग नाही. म्हणून मेगाहर्ट्झ बाजूला ठेवा आणि बँडचा क्रमांक जुळवा.

तिन्ही मोठ्या कंपन्यांना २ आणि ४ किंवा ६६ हे बँड लागतातच. शहरातली बरीच रेंज त्यांवर येते. खरा फरक खालच्या, म्हणजे कमी मेगाहर्ट्झच्या, बँडचा (क्रमांक मोठा असला तरी). टी-मोबाइलला ७१ आणि १२, व्हेरायझनला १३, एटी अँड टीला १२ किंवा १७. बँड ५ हा भारतातल्या फोनातही असतो, तो व्हेरायझन आणि एटी अँड टीवर थोडी मदत करतो. खालच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून आत शिरतात. विद्यार्थ्यांना स्वस्तात मिळतात त्या बेसमेंटच्या खोल्या, आणि ओहायोत शहर सोडलं की मैलोन्मैल मक्याची शेतं. दोन्हीकडे खालचा बँड नसेल तर फोन नुसता शोभेला हातात राहतो. फाइव्ह-जीमध्ये टी-मोबाइलसाठी एन४१ आणि एन७१ बघा, बाकी दोघांसाठी एन७७. मिलिमीटर वेव्हची, म्हणजे फार वेगवान पण जेमतेम दूर जाणाऱ्या फाइव्ह-जीची, चिंता करू नका. ती रस्त्याच्या कोपऱ्यावर किंवा स्टेडियममध्ये मिळते, तिच्यासाठी जास्त पैसे देण्यात अर्थ नाही.

तुमच्या किमतीच्या फोनात बहुधा १, ३, ५, ८, ४० आणि ४१ असतात, कधी २ असतो. म्हणजे इथे तो मुख्य फोन म्हणून चालणार नाही असंच धरून चाला. तरी एकदा तपासा. सेटिंगमध्ये 'अबाउट फोन'मध्ये मॉडेलचा पूर्ण क्रमांक मिळेल. नुसतं नाव पुरत नाही, कारण एकाच नावाचे फोन देशागणिक वेगळे असतात. जीएसएमअरीना या साइटवर त्या क्रमांकापुढची बँडची यादी बघा. मग *#०६# डायल करून आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक, घ्या आणि तिन्ही कंपन्यांच्या साइटवर, 'आपला फोन आणा' या पानावर, तो टाका. शेवटचा शब्द त्या पानाचा. एटी अँड टी आपल्या मंजूर यादीतल्या फोनांनाच धरते आणि व्हेरायझनही कडक आहे. बँड जुळत असूनही नकार येऊ शकतो. टी-मोबाइल सगळ्यांत मोकळी. स्वस्त प्लॅन विकणाऱ्या कंपन्यांपैकी मिंट तिच्याच टॉवरवर चालते, व्हिजिबल व्हेरायझनच्या आणि क्रिकेट एटी अँड टीच्या, त्यामुळे स्वस्त प्लॅन घेतला तरी फोन मूळ कंपनीशीच जुळवायचा. फक्त गर्दीच्या वेळी अशा प्लॅनचा वेग आधी घसरतो.

सॅमसंग पुण्यात घेणार असाल तर एक काम न विसरता करा. नव्या फोनमध्ये पहिलं सिम भारतातलंच घाला आणि निघण्यापूर्वी मिळून पाच मिनिटांहून जास्त कॉल करा. तसं न करता सीलबंद डबा विमानात नेलात तर इथलं सिम घातल्यावर फोन प्रदेशाच्या लॉकमध्ये अडकू शकतो, म्हणजे ते सिम घेत नाही.

आता कुठे घ्यायचा. अमेरिकेत आयफोन स्वस्त पडतो म्हणून बरेच जण इथे येईपर्यंत थांबतात. पण आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मॉडेलमध्ये सिमचा कप्पाच नाही, सगळं ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच भरलं जाणारं सिम. तुमचा भारतातला नंबर बँकेच्या ओटीपीसाठी जिवंत ठेवायचाय, तो मग आधीच ई-सिम करून घ्यावा लागतो, आणि इथे आल्यावर फोन हरवला किंवा बिघडला तर ते ई-सिम परदेशातून पुन्हा मिळवणं फार कटकटीचं. म्हणून माझं स्पष्ट मत: भारतात विकला जाणारा, सिमचा कप्पा असलेला आयफोन किंवा पिक्सेल घ्या, भारतातलं सिम प्लास्टिकचंच कप्प्यात ठेवा आणि इथलं ई-सिम करा. फोन बिघडला तर सिम काढून दुसऱ्यात टाकता येतं. आयफोन घेताना मात्र दुकानातच बँड ७१ आहे का बघा. काही पिढ्यांच्या भारतातल्या मॉडेलमध्ये तो नव्हता, आणि टी-मोबाइल घेणार असाल तर बेसमेंटमध्ये तोच कामाला येतो. कोणाच्या हातून इथला फोन मागवत असाल तर तो अनलॉक्डच, म्हणजे कुठल्याही कंपनीचं सिम घेणारा, हवा. आयफोनमध्ये 'अबाउट'मध्ये कॅरियर लॉकपुढे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' दिसलं पाहिजे; कंपनीच्या प्रीपेडवरचे स्वस्त फोन लॉक असतात आणि त्यांवर भारतातलं सिम चालत नाही.

तरीही सिम बदलायचंच ठरलं, मग ते ई-सिम असो वा नवं कार्ड, तर निघण्याच्या किमान आठवडाभर आधी उरका. सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद असतात, आणि नेमक्या त्याच दिवशी फॉरेक्स कार्डाचा ओटीपी हवा असतो. इंटरनॅशनल रोमिंग भारतातच चालू करून घ्या. रोमिंगवर येणारे एसएमएस सहसा फुकट असतात, पण त्या सिमचा डेटा रोमिंग बंद ठेवा आणि त्यावर आलेले कॉल उचलू नका, दर मिनिटाला पैसे जातात. ९० दिवस काहीच वापर नाही आणि शिल्लक २० रुपयांच्या खाली, असं झालं तर कंपनी नंबर बंद करू शकते आणि तो पुढे दुसऱ्या कोणाला मिळतो. रिचार्जची तारीख घरच्या कोणाकडे तरी देऊन ठेवा.

जुना फोन फेकू नका. वायफायवर तो व्यवस्थित चालतो, नवा बिघडला तर ओळखीचे नंबर आणि बँकेचं अॅप त्यात असतं. चार्जरवर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर इथे फक्त दोन चपट्या पात्यांची पिन लागते, ट्रान्सफॉर्मर नाही.

मैत्रीण जर्मनीला चाललीय असं लिहिलंय, तिचं काम सोपं आहे. तिकडे थ्री-जी २०२१ मध्ये बंद झालं, पण टू-जी चालू आहे, त्यामुळे व्होल्टी नसली तरी कॉल लागतो. तिने फक्त फोनमध्ये बँड २० आहे का बघावं. गावाकडची आणि इमारतींच्या आतली रेंज मुख्यतः त्यावर येते.

तुमच्या फोनचा मॉडेल क्रमांक आणि बँडची यादी इथे टाका, म्हणजे नेमकं सांगता येईल. आयएमईआय मात्र टाकू नका, तो फक्त कंपनीच्या पानावर.